विरघळणारा दोर

१८९५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या लीड्सच्या इस्पितळात एक खाणकामगार दाखल झाला. वय ४१, गाव फेदरस्टोन. ३६ आठवड्यांपूर्वी खाणीत त्याच्या अंगावर मातीचा ढिगारा कोसळला होता आणि तेव्हापासून गुडघ्याने साथ सोडली होती. वजन टाकलं की पाय लचकायचा, हाड हाडावरून सरकायचं. सर्जन आर्थर मेयो रॉबसन यांनी गुडघा उघडला तेव्हा आतले दोन्ही क्रूसबंध मांडीच्या हाडापासून पार सुटलेले दिसले. क्रूसबंध म्हणजे गुडघ्याच्या मधोमध एकमेकांना फुलीसारखे ओलांडणारे दोन दोर. मांडीचं हाड आणि नडगी यांना तेच एकमेकांशी जखडून ठेवतात.

रॉबसन यांनी सुटलेली टोकं जागच्या जागी शिवली. शिवायला घेतली ती कॅटगट, म्हणजे मेंढीच्या आतड्याची तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागते त्याच जातीची. ही तात माणसाच्या शरीरात काही आठवड्यांत विरून जाते, हे तेव्हाच्या प्रत्येक सर्जनला ठाऊक होतं. सहा वर्षांनी रोग्याला पुन्हा तपासलं तेव्हा तो न लंगडता चालत होता, खाणीत कामावर परतला होता आणि पाय भक्कम असल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगत होता. तात केव्हाच नाहीशी झालेली होती. १९०३ मध्ये रॉबसन यांनी ही हकीकत छापली. क्रूसबंधावरची ही पहिली शस्त्रक्रिया मानतात.

आज जगभरच्या प्रयोगशाळांत गुडघ्याच्या क्रूसबंधासारख्या अस्थिबंधासाठी शरीरात विरघळणारे ‘स्कॅफोल्ड’, म्हणजे तात्पुरते आधार, घडवण्याचं काम चालू आहे. कोणी रेशमाचे पीळ घालतं, कोणी दुधाम्लाच्या प्लास्टिकची वेणी विणतं, कोणी गायीच्या कोलॅजेनचा स्पंज बनवतं. सामान नवं असलं तरी प्रश्न त्या आतड्याच्या तातीने उभा केलेलाच आहे. गुडघ्यात घातलेला आधार किती दिवस टिकावा? स्लॅबखालचं सेंटरिंग वेळेआधी काढलं तर स्लॅब खाली येतो आणि काढलंच नाही तर घर वापरता येत नाही. शरीरात हे सेंटरिंग काढायला मिस्त्री जात नाही. त्याने आपणहून, ठरल्या गतीने निघून जायचं असतं. गेल्या सव्वाशे वर्षांत या क्षेत्राने जे मोठे पराभव पाहिले, त्यांतले बहुतेक ताकद कमी पडल्यामुळे नव्हे तर हा वेळ चुकल्यामुळे झाले आहेत.

जखम शिवायचा धागा म्हणजे शरीरात मुद्दाम ठेवलेली परकी वस्तू. माणसाने त्यासाठी काय काय वापरून पाहिलं याची एक यादी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. बारीक सूत, अश्मंतकाच्या सालीचा धागा, तागाचा आणि जवसाचा दोरा, प्राण्याची कंडरा (टेंडन), केस, मोरवेलीचे आणि गुळवेलीचे तंतू. अश्मंतक म्हणजे आपला आपटा, दसऱ्याला ज्याची पानं सोनं म्हणून वाटली जातात तोच. फाटलेल्या आतड्यासाठी तर सुश्रुताने वेगळाच उपाय सांगितला. कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्यायच्या, धड तोडायचं आणि डोक्यांसकट आतडं पोटात सारायचं. आत ठेवलेलं पुन्हा काढायला लागू नये, हा विचार त्यात उघड दिसतो. रोमन काळातला वैद्य गॅलेन आतड्याच्या तातीबद्दल लिहून गेला आहे. पुढे अरब वैद्यकातही ही तात वापरात राहिली.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात रक्तवाहिनी बांधायची रीत मात्र क्रूर होती. रेशमाच्या किंवा तागाच्या धाग्याने धमनी आवळायची आणि धाग्याची लांब टोकं जखमेबाहेर लोंबती ठेवायची. आत पू होऊन धागा सैल झाला की काही आठवड्यांनी तो ओढून काढायचा. ओढताना धमनीचं तोंड उघडलं तर रोगी रक्तस्रावाने जायचा. फिलाडेल्फियाचे फिलिप सिंग फिझिक यांनी १८१६ मध्ये यावर तोड सुचवली. कातड्याच्या बारीक पट्ट्यांनी धमनी बांधावी, कातडं आत विरघळून जाईल आणि ओढायचा प्रश्नच राहणार नाही. कल्पना बरोबर होती. पण जखमेत जंतू शिरतात म्हणून पू होतो, हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे ती मागे पडली.

जंतूंची बाजू समजलेला माणूस पन्नास वर्षांनी आला. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करून दाखवल्या आणि मग ते धाग्याकडे वळले. लंडनजवळच्या अप्टन इथे, वडिलांच्या घरी, त्यांनी एका वासराच्या मानेतली धमनी कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या आतड्याच्या तातीने बांधली आणि जखम शिवून टाकली. महिन्याभराने वासरू मारून मान उघडली. पाहतात तो धमनीभोवतीचा फास जसाच्या तसा. तात विरघळलीच नाही असं वाटून लिस्टर प्रथम खट्टू झाले. मग जवळून तपासलं. फासाचा आकार होता, गाठीची जागाही ओळखू येत होती, पण तिथे आता तात नव्हती. तिच्या जागी, अगदी तिच्याच मापाचा, जिवंत तंतुमय ऊतीचा पट्टा तयार झाला होता आणि तो धमनीच्या भिंतीशी एकजीव झाला होता. मेलेल्या मेंढीच्या आतड्याने वासराच्या जिवंत पेशींना रस्ता दाखवला होता. हे निरीक्षण १८६९ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘टिश्यू इंजिनीअरिंग’ हा शब्द रुळायला अजून शंभराहून जास्त वर्षं होती, पण त्याचं मूळ तत्त्व त्या वासराच्या मानेत लिस्टरनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तातीचा धंदा मग जोरात चालला. मेंढीचं लहान आतडं धुवायचं, आतला-बाहेरचा थर खरवडून काढायचा, मधल्या कोलॅजेनच्या थराच्या पट्ट्या कापायच्या, पीळ घालून ताणून वाळवायच्या. साधी तात आठ-दहा दिवसांत जोर सोडते. क्रोमियमच्या क्षारात भिजवली तर दोन-तीन आठवडे धरते. म्हणजे टिकण्याचा वेळ रसायनाने लांबवता येतो, हेही लिस्टरच्याच हयातीत कळलेलं होतं. त्यांचे बोस्टनचे अनुयायी हेन्री मार्सी यांनी अधिक टिकाऊ म्हणून कांगारूच्या शेपटीतली कंडरा वापरली. पण प्राण्यांच्या मालाचं दुखणं असं की दोन मेंढ्यांची आतडी सारखी नसतात. तात पचवण्याचं काम रोग्याच्या पेशींतली विकरं करतात आणि तीही प्रत्येकाच्या शरीरात आणि जखमेत वेगवेगळ्या वेगाने. एकाच डब्यातली तात एकाच्या पोटात तीन आठवडे राहायची, दुसऱ्याच्या पोटात आठवड्यात सुटायची. शिवाय धनुर्वाताचे बीजाणू आतड्याबरोबर येत, उकळावं तर तात शिजून जाई. बाल्टिमोरचे विल्यम हाल्स्टेड यांनी १९१३ मध्ये तातीला नाकारून बारीक रेशमाची बाजू घेतली, ती याच कारणांनी.

रेशीम गुडघ्यापर्यंत त्याआधीच पोचलं होतं. म्युनिकचे अस्थिशल्यविशारद फ्रिट्झ लांगे पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांच्या पायांत आखूड पडणाऱ्या कंडरा रेशमाच्या धाग्यांनी लांबवत. काही महिन्यांनी पुन्हा उघडण्याची वेळ आली की त्यांना रेशमाभोवती नवी तंतुमय ऊती वाढलेली दिसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी तोच धागा सैल गुडघ्यात क्रूसबंधाच्या जागी घातला. रेशीम भार पेलेल आणि त्याच्याभोवती शरीर स्वतःचा दोर वळेल, अशी त्यांची धारणा होती. पण मुलाच्या घोट्यातली मऊ ऊती वेगळी आणि गुडघ्याचं पोकळ, पाणथळ घर वेगळं. तिथे रेशीम कुणाला मानवलं, कुणाला चिघळलं. रेशमाची कल्पना जवळजवळ शतकभर बाजूला पडली.

त्या शतकात गुडघ्याने दुसरी वाट धरली. ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूचा आवरणपट्टा वळवून हाडांतल्या बोगद्यांतून ओवला आणि त्याचाच नवा क्रूसबंध केला. १९६३ मध्ये अमेरिकेत केनेथ जोन्स यांनी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची मधली पट्टी वापरली. नंतर मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची कंडरा आली. रोग्याच्याच अंगातला एक दोर काढून दुसऱ्याच्या जागी बसवायचा. पुण्या-मुंबईत कबड्डीपटूचा, पैलवानाचा एसीएल, म्हणजे पुढचा क्रूसबंध, तुटला की आजही बहुतेक वेळा हीच शस्त्रक्रिया होते. ती चांगली चालते. पण जिथून कंडरा काढली तिथे दुखणं, गुडघ्यावर बसताना कळ, मांडीची कमी झालेली ताकद, हा हिशोब रोग्याला चुकवावाच लागतो. आणि क्रूसबंध पुन्हा घातला तरी पुढे काही वर्षांनी त्या गुडघ्यात संधिवात येण्याचा धोका पुरता टळत नाही.

नुसतं शिवून का भागत नव्हतं? रॉबसनच्या रोग्याचं भागलं, पण सगळ्यांचं भागत नाही, हे १९७६ मध्ये स्पष्ट झालं. जॉन फीगिन आणि वॉल्टन कर्ल या लष्करी सर्जनांनी वेस्ट पॉइंट अकादमीतल्या ज्या छात्रांचा तुटलेला क्रूसबंध शिवला होता, त्यांना पाच वर्षांनी तपासलं. बहुतेकांचे गुडघे पुन्हा डगमगत होते. गुडघ्याच्या बाजूचा अस्थिबंध तुटला तर पट्ट्यात बांधून ठेवला तरी जुळतो, मधला क्रूसबंध मात्र शिवूनही जुळत नाही. सर्जनांनी शिवणं सोडून दिलं. असं का होतं याचं उत्तर आणखी बऱ्याच वर्षांनी मिळायचं होतं.

मधल्या काळात एक मोठा मोह आला. एसीएल जेमतेम तीन सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर रुंद असतो. सॅव्हियो वू आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मोजलं, तर २२ ते ३५ वयाच्या माणसांचा हा बंध तुटायला सरासरी २,१६० न्यूटन, म्हणजे सुमारे २२० किलो वजनाचा ताण लागतो. साठीच्या पुढच्यांत तो आकडा ६५८ न्यूटनवर येतो. कारखान्यात याहून कितीतरी बळकट दोर बनतात. मग तसलाच एखादा गुडघ्यात का घालू नये? ऐंशीच्या दशकात गोअर-टेक्स, डॅक्रॉन, पॉलिप्रोपिलीनच्या पट्ट्या, लीड्स आणि टोकियोच्या केयो विद्यापीठाने मिळून केलेली पॉलिएस्टरची जाळी, अशा अनेक कृत्रिम अस्थिबंधांनी हजारो गुडघ्यांत प्रवेश केला. रोगी महिन्या-दोन महिन्यांत चालू लागत. बातम्या उत्साहाच्या होत्या.

पण निर्जीव दोराला झीज भरून काढता येत नाही. गुडघा वर्षाला लाखो वेळा वाकतो आणि प्रत्येक वेळी हाडाच्या बोगद्याच्या काठाशी दोर घासला जातो. काही वर्षांत तंतू तुटू लागले, त्यांचा भुगा सांध्याच्या अस्तरात साचला, गुडघे पाण्याने टम्म फुगले. गोअर-टेक्सच्या अस्थिबंधाला अमेरिकेत १९८६ मध्ये परवानगी मिळाली होती. १९९३ मध्ये तो बाजारातून गेला, पुढच्या वर्षी डॅक्रॉनचाही गेला.

या काळातला एक प्रयोग मात्र मोहाहून वेगळा होता. कार्डिफचे डेव्हिड जेन्किन्स यांनी १९७७ मध्ये मेंढ्यांमध्ये कार्बनच्या तंतूंचे दोर घातले. कार्बन कायम राहावा अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. त्याने नव्या ऊतीला वाट दाखवावी आणि हळूहळू तुकडे होऊन निघून जावं, असा त्यांचा बेत होता. लिस्टरचंच तत्त्व, नव्या धाग्यावर. ऊती खरंच वाढली. अडचण अशी झाली की कार्बन विरघळत नाही, नुसता मोडतो. ठिसूळ तंतूंचे कण सांध्यात पसरले आणि गुडघा उघडला की अस्तर काळंठिक्कर दिसे. न्यू जर्सीत हॅरल्ड अलेक्झांडर आणि अँड्र्यू वाइस यांनी कार्बनचा चुरा आवरण्यासाठी त्या तंतूंवर एका विरघळणाऱ्या प्लास्टिकचा लेप दिला. कार्बन विस्मरणात गेला. लेपाचं प्लास्टिक मात्र पुढे या सगळ्या कहाणीच्या केंद्रस्थानी आलं.

ते प्लास्टिक म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल. लॅक्टिक आम्ल स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७८० मध्ये नासलेल्या दुधातून वेगळं केलं होतं. आपल्या दह्याचा आंबटपणा त्याचाच, आणि धावताना स्नायूंत तयार होतं तेही हेच. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यू पॉन्ट कंपनीत या आम्लाच्या रेणूंच्या साखळ्या जोडून पाहिल्या. साखळी पाण्यात सुटते, दमट हवेत माल टिकत नाही, म्हणून कापड उद्योगाला ती निरुपयोगी ठरली. तिचंच चुलत भावंड असलेलं पॉलिग्लायकोलिक आम्लही त्याच दोषापायी अडगळीत पडलं होतं. शल्यविशारदांना नेमका हाच दोष हवा होता. अमेरिकन सायनामिड कंपनीत एडवर्ड श्मिट आणि रोको पोलिस्टिना यांनी पॉलिग्लायकोलिक आम्लाचा टाक्याचा धागा बनवून १९६७ मध्ये पेटंट मिळवलं आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी ‘डेक्सॉन’ नावाने तो बाजारात आला. मेंढीच्या आतड्याला पहिला खरा प्रतिस्पर्धी मिळाला. १९७४ मध्ये एथिकॉनचा ‘व्हिक्रिल’ आला आणि आज आपल्या गावच्या प्रसूतिगृहातही तो शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये असतो.

पॉलिलॅक्टिक आम्लाच्या बाबतीत मराठी वाचकाची नजर एका नावावर अडकते. वॉशिंग्टनमध्ये वॉल्टर रीड लष्करी संकुलातल्या जैवयांत्रिकी प्रयोगशाळेत आर. के. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या प्लास्टिकचा शस्त्रक्रियेसाठी उपयोग सुचवणारा निबंध प्रसिद्ध केला. गिनीपिग आणि उंदरांच्या शरीरात ठेवून त्यांनी दाखवलं की ते विषारी नाही, आसपासच्या ऊतीला फारसं खुपत नाही आणि सावकाश विरतं. विरताना त्याचं पुन्हा लॅक्टिक आम्ल होतं, जे पेशी आपल्या रोजच्या चयापचयात जाळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. १९७१ मध्ये याच गटाचा दुसरा विस्तृत निबंध आला. एसीएल बसवताना हाडात पिळतात त्या विरघळणाऱ्या स्क्रूंचं, प्लेटांचं, आणि पुढच्या स्कॅफोल्डांचंही शास्त्र ज्या मोजक्या लेखांवर उभं आहे, त्यांत हे दोन अगदी वरच्या ओळीत बसतात.

या धाग्यांनी सर्जनच्या हातात प्रथमच घड्याळ दिलं. इथे विकरांचा लहरीपणा नव्हता. पाणी शिरतं, साखळी तुटते, आणि ते कोणाच्याही शरीरात साधारण सारख्याच वेगाने. पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त जोर सोडतो. व्हिक्रिल दोन-अडीच महिन्यांत पूर्ण शोषला जातो. शुद्ध पॉलिलॅक्टिक आम्ल मात्र दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ रेंगाळतं. या दोन आम्लांचं मिश्रण करून मधला कुठलाही वेळ साधता येतो. तरी सावधगिरीचा धडा नेदरलँड्समधून आला. ग्रोनिंगेनच्या सर्जनांनी गालाच्या मोडक्या हाडांवर पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लेटा बसवल्या होत्या. हाडं छान जुळली, पण तीन वर्षांनंतर काही रोगी गाल सुजून परत आले. प्लेट संपली नव्हती. तिचे स्फटिकासारखे कण पेशी अजून गिळत बसल्या होत्या. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा वस्तू विरघळते एवढं पुरत नाही, ती कशी आणि कोणत्या तुकड्यांत विरघळते तेही पाहावं लागतं, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं.

त्याच वर्षी रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांचा ‘सायन्स’मधला टिश्यू इंजिनीअरिंगवरचा लेख आला आणि या विषयाला झेंडा मिळाला. बारा वर्षं आधी इओआनिस यानास आणि जॉन बर्क यांनी भाजलेल्या रोग्यांसाठी कोलॅजेनची कृत्रिम त्वचा करून दाखवलेलीच होती. आता विरघळणारी जाळी घ्यायची, तिच्यावर पेशी पेरायच्या आणि अवयव उगवायचा, असं स्वप्न पडू लागलं. गुडघ्यासाठी ते अवघड होतं. त्वचा नुसती झाकते, क्रूसबंधाला पहिल्या दिवसापासून ओढ सहन करावी लागते.

केटो लॉरेन्सिन, जेम्स कूपर आणि हेलन लू यांनी यावर वेणीचा मार्ग काढला. विरघळणाऱ्या पॉलिमरच्या बारीक तंतूंची त्रिमितीय वेणी, हाडात जाणाऱ्या दोन टोकांना घट्ट आणि मधल्या भागात थोडी सैल. तंतूंमधली छिद्रं सुमारे १५० ते २५० मायक्रॉनची, म्हणजे पेशी आत शिरतील आणि पाठोपाठ रक्तवाहिन्याही येतील. २००५ च्या प्रयोगांत त्यांनी तीन पॉलिमर एकमेकांशी ताडून पाहिले. पॉलिग्लायकोलिक आम्लाची वेणी सुरुवातीला सर्वांत बळकट निघाली, पण ती इतक्या झपाट्याने विरली की पेशी बसायच्या आत आधारच खचला. निवड सावकाश विरणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाची झाली. २००७ मध्ये सशांच्या गुडघ्यात त्या वेणीवर नवी ऊती धरलेली दिसली. जास्त ताकद हा निकष इथे हरला आणि योग्य वेळ जिंकला.

आणि मग लांगेंचं रेशीम परत आलं. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात ग्रेगरी ऑल्टमन आणि डेव्हिड कॅप्लन यांनी आधी रेशमाच्या बदनामीचं कारण पुन्हा तपासलं. कोशातल्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. आतला गाभा फायब्रॉइनचा, वरचा चिकट थर सेरिसिनचा. शरीर चिडतं ते मुख्यतः सेरिसिनवर. येवल्याचे विणकर पैठणीला लागणारं रेशीम रंगवण्याआधी सोडा-साबणाच्या पाण्यात उकळून त्याचा डिंक काढतात. ऑल्टमन यांनीही तेच केलं, फक्त पुरता डिंक निघाल्याची खातरजमा प्रयोगशाळेच्या काटेकोरपणे केली. औषधशास्त्राच्या पुस्तकांत रेशीम न विरघळणारा धागा म्हणून नोंदलेलं आहे, कारण साठ दिवसांत त्याचा जोर जात नाही. खरं तर ते विरतं, पण वर्षभराच्या सावकाश गतीने. क्रूसबंधाला नेमकी हीच गती हवी होती. तारेच्या दोरखंडासारखा पिळावर पीळ घालून त्यांनी सहा पदरांचा दोर केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात त्याची ताकद मानवी एसीएलच्या पंक्तीला बसली.

ऑल्टमन यांचा त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग त्याहून विलक्षण आहे. अस्थिमज्जेतल्या मूळपेशी त्यांनी कोलॅजेनच्या जेलमध्ये घातल्या आणि एका यंत्रात २१ दिवस ठेवल्या. यंत्र दर मिनिटाला एकदा जेल दोन मिलिमीटर ताणायचं आणि ९० अंश पिळायचं, गुडघा करतो तसं. कुठलंही वाढीचं रसायन घातलेलं नव्हतं. तेवढ्या ओढीवर आणि पिळावर त्या पेशी अस्थिबंधाच्या पेशींसारख्या वागू लागल्या. आपण कोण व्हायचं ते पेशी भारावरून ठरवतात, हे त्यातून समोर आलं. म्हणूनच गुडघ्यातल्या आधाराने भार हळूहळू नव्या ऊतीकडे सोपवत जायला हवा. सगळा भार तोच पेलत राहिला तर पेशी कामाला लागतच नाहीत. ऑल्टमन यांच्या सेरिका कंपनीच्या रेशमी जाळीला २००८ मध्ये अमेरिकेत मऊ ऊतीला आधार देण्यासाठी परवानगी मिळाली, अस्थिबंधाचा दोर मात्र बाजारापर्यंत गेला नाही.

रेशमाच्या या शोधात भारताचाही वाटा आहे. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजातली कुटुंबं टसरचे किडे पाळतात. या टसरच्या फायब्रॉइनमध्ये तीन अमिनो आम्लांचा असा एक क्रम आहे ज्याला पेशी आपणहून चिकटतात. तुतीच्या रेशमात तो नसतो. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या गटाने या रानरेशमावर पायाभूत काम केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतूनही रेशमी प्रथिनाचं, हाडातली पोकळी भरणारं साहित्य पुढे आलं आहे.

दोर कितीही चांगला झाला तरी त्याच्या टोकांचा प्रश्न उरतोच. खरा अस्थिबंध हाडाला डिंकाने चिकटवल्यासारखा नसतो. जेमतेम मिलिमीटरभर अंतरात तो मऊ तंतूपासून कूर्चा, मग खनिजांनी कडक झालेली कूर्चा आणि शेवटी हाड असा बदलत जातो. कोलंबिया विद्यापीठात हेलन लू यांनी त्यासाठी तीन भागांचं स्कॅफोल्ड केलं. एका टोकाला विरघळणारी जाळी, मध्ये त्याच पॉलिमरचे सूक्ष्म गोळे आणि दुसऱ्या टोकाला काचमिश्रित भाग, प्रत्येकात वेगळ्या जातीच्या पेशींसाठी जागा. इतकी बारकाई या दोराला लागते.

रोग्यांपर्यंत सर्वांत आधी पोचली ती बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळातल्या मार्था मरी यांची पद्धत. वेस्ट पॉइंटचे छात्र का बरे झाले नाहीत, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. बाजूचा अस्थिबंध तुटला की दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी बसते आणि तीच पहिला पूल होते. सांध्याच्या आत मात्र सांधेद्रवातली विकरं ती गुठळी विरवून टाकतात. टोकं दोन काठांवर राहतात आणि मध्ये काहीच उरत नाही. शिवणारे हात निर्दोष होते. पूलच नव्हता. मरी यांनी मग गुठळीला आसरा देणारा कोलॅजेनचा स्पंज बनवला. शस्त्रक्रियेत नडगीवरचा तुटका खुंट विरघळणाऱ्या धाग्याने पकडतात. धाग्यांवर ओवून स्पंज गुडघ्याच्या खाचेत सरकवतात. त्यात रोग्याच्याच हातातून काढलेलं थोडंसं रक्त सोडलं की तो फुगून जागा भरतो. मग खुंट वर ओढून गुडघा मिटवतात. स्पंज आठेक आठवड्यांत शोषला जातो. तेवढ्या काळात गुठळीत पेशी शिरलेल्या असतात. नव्या बंधाला पूर्ण बळ यायला महिने लागतात, म्हणून शेजारी एक न विरघळणारा टाका पहारा देतो.

डुकरांवरच्या प्रयोगात, वर्षभरानंतर, या पद्धतीच्या गुडघ्यांत कूर्चेची झीज नेहमीच्या कंडरारोपणापेक्षा कमी दिसली. २०१५ मध्ये पहिल्या दहा माणसांवर शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या शंभर रोग्यांच्या चाचणीत ६५ जणांना स्पंज आणि ३५ जणांना स्वतःची कंडरा मिळाली. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे जवळपास सारखेच बसलेले होते. स्पंजच्या गटात पुन्हा तुटण्याचं प्रमाण १४ टक्के होतं, कंडरेच्या गटात ६. एवढ्या लहान गटांत हा फरक संख्याशास्त्राने निर्णायक ठरत नाही, पण तो डोळ्याआड करण्यासारखाही नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या स्पंजला मान्यता दिली. सुरुवातीला अट अशी होती की रोगी १४ वर्षांपेक्षा लहान नसावा आणि दुखापतीपासून ५० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. डुकरांत दिसलेलं कूर्चेचं संरक्षण माणसांतही मिळतं का, यासाठी त्या रोग्यांच्या गुडघ्यांचे क्ष-किरण फोटो आणि एमआरआय वर्षानुवर्षं तपासले जात आहेत.